चंद्रलोकच्या सफरीपासून कृष्णविवरापर्यंत : अंतराळाच्या कादंबऱ्या का वाचायच्या?

तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक बोलायला बोलावला की विषय साधारण ठरलेले असतात. गीता, शंकराचार्य, फार तर बुद्ध. आम्ही आयोजकांना सांगितलं की आम्ही अंतराळातल्या कादंबऱ्यांवर बोलणार आहोत. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग एक प्रश्न आला, "सर, लहान मुलांना बोलवायचं का?" (हशा) मुलांना जरूर बोलवा, पण त्यांच्या आजी-आजोबांनीही यावं, असं आम्ही म्हणालो. ते का, हे पुढच्या तासाभरात सांगण्याचा प्रयत्न करतो.

सुरुवात आपल्या पत्त्यापासूनच करू. आपण बसलो आहोत जुळे सोलापुरात. मूळ गाव तिकडे, सिद्धेश्वराच्या तळ्याभोवती. वस्ती वाढली, विजापूर रस्त्याच्या बाजूला नवी घरं झाली आणि या भागाला 'जुळं' म्हणायला लागले. आता भौतिकशास्त्रातही एक प्रसिद्ध जुळं आहे. पॉल लान्जव्हँ नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ होते. १९११ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात त्यांनी एक कल्पना मांडली. गंमत अशी की ती परिषद भौतिकशास्त्राची नव्हती, ती होती तत्त्वज्ञांची. पृथ्वीवरून एक माणूस तोफगोळ्यासारख्या वाहनात बसून प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळच्या वेगानं निघाला आणि परत फिरला, तर त्याच्या मोजणीनं दोन वर्षं होतील, पण पृथ्वीवर तोवर दोनशे वर्षं उलटलेली असतील. पुढे लोकांनी या गोष्टीत जुळे भाऊ आणले. एक जातो, एक राहतो. जाणारा परत येतो तेव्हा तरुण असतो आणि राहिलेला म्हातारा.

थोडं गणित करून बघा. तारा चार प्रकाशवर्षांवर आहे आणि यानाचा वेग प्रकाशाच्या ८० टक्के आहे. जायला पाच वर्षं, यायला पाच, म्हणजे घरी राहिलेल्या भावाची दहा वर्षं गेली. जाऊन आलेल्याची गेली सहा. चार वर्षांचा फरक पडला, आणि तो घड्याळाची चूक म्हणून पडला नाही, खरोखरच पडला. आज तुमच्या मोबाइलमधला नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो, त्यांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर नकाशा तुम्हाला सात रस्त्याऐवजी भलतीकडेच नेईल.

आमचं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे. अंतराळाच्या उत्तम कादंबऱ्या वरवर बघता जाणाऱ्याच्या गोष्टी आहेत. पण नीट वाचल्या तर त्या परत येण्याच्या गोष्टी निघतात, आणि मागे राहिलेल्यांच्याही. आणि म्हणूनच त्या आपल्या गावच्या आहेत.

वडिलांचा प्रश्न

२१ जुलै १९६९. भारतीय वेळेप्रमाणे पहाटे पावणेदोनच्या सुमाराला यान चंद्रावर उतरलं होतं आणि सकाळी साडेआठच्या आत आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. गल्लीत ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओट्यावर गर्दी. आमचे वडील गिरणीत होते, रात्रपाळी करून आले होते. सगळे आनंदात, कोणी पेढे आणायला निघालेला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उतरले ते ठीक आहे रे. पण परत येणार कसे?"

आम्हाला तेव्हा हसू आलं. वाटलं, म्हाताऱ्या माणसाला विज्ञानातलं काय कळतंय. (खरं तर ते तेव्हा पन्नाशीचेही नव्हते.) पुढे वाचन झालं तेव्हा कळलं की अंतराळ-वाङ्मयाचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती लिहिता येईल.

केप्लरची आई आणि व्हर्नची तोफ

चंद्रावर जाण्याच्या गोष्टी जुन्या आहेत. दुसऱ्या शतकात लुसियन नावाच्या ग्रीक लेखकानं जहाज वावटळीत उडवून चंद्रावर नेलं होतं. पण तो थट्टा करत होता. गांभीर्यानं पहिली गोष्ट लिहिली ती योहानेस केप्लरनं. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा तोच केप्लर. 'सोम्नियम' म्हणजे स्वप्न. चंद्रावरून पाहिलं तर पृथ्वी कशी दिसेल, तिथला दिवस केवढा, तिथली थंडी कशी, हे त्यानं हिशेबानं मांडलं. हेतू हा की पृथ्वी फिरते हे लोकांना पटावं. चंद्रावर उभा असलेला माणूस म्हणेल, मी स्थिर आहे आणि ती पृथ्वीच फिरते आहे. मग पृथ्वीवर उभं राहून आपण तेच म्हणतो, त्याचं काय? आपली जागा सोडून स्वतःकडे पाहणं हे तत्त्वज्ञानाचं पहिलं काम, आणि ते इथे एका गोष्टीनं केलेलं आहे.

त्या गोष्टीची किंमतही मोजावी लागली. गोष्टीतल्या मुलाची आई जडीबुटी विकणारी आणि चेटूक जाणणारी दाखवली होती. केप्लरच्या खऱ्या आईवर पुढे चेटकीण म्हणून खटला झाला. वृद्ध बाई, १६२० ते १६२१ या काळात कैदेत होती. हस्तलिखित हातोहात फिरलं आणि त्यातूनच संशय वाढला, असं केप्लरला वाटत राहिलं. पुस्तक छापून आलं १६३४ साली. केप्लर त्याआधीच चार वर्षं वारला होता. मुलाची कल्पना आकाशात गेली आणि आई इथे जमिनीवर अडकली. मागे राहणाऱ्याचं पात्र पहिल्या पुस्तकापासून आहे ते असं.

मग ज्यूल व्हर्न. १८६५ साली 'पृथ्वीपासून चंद्राकडे' ही कादंबरी आली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलेलं, तोफा करणारे लोक रिकामे बसलेले. ते ठरवतात की चंद्रावर गोळा मारू. ९०० फूट लांबीची तोफ जमिनीत ओततात, फ्लोरिडात. व्हर्ननं ही जागा अक्षांश पाहून निवडली होती. शंभर वर्षांनी अमेरिकेची खरी चांद्रयानं जिथून उडाली, ते ठिकाण तिथून साधारण दोनशे किलोमीटरवर. गोळ्याचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला ११.२ किलोमीटर लागतात. आकडा किती जवळ आला बघा.

पण चूकही तितकीच मोठी आहे. ९०० फुटांत हा वेग गाठायचा तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या वीस हजार पटींहून जास्त भार येईल. साठ किलोच्या माणसाचं वजन तेराशे टनांच्या वर. उसानं भरलेले शंभराहून जास्त ट्रक एकदम अंगावर! व्हर्ननं खाली पाण्याची गादी ठेवली होती, पण तिनं काय होणार? माणूस कागदासारखा सपाट होईल.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. ही चूक सापडते, कारण व्हर्ननं आकडे दिले आहेत. रशियात त्सिओल्कोव्हस्की नावाचा शाळामास्तर व्हर्न वाचून पेटला, विचार करत राहिला आणि १९०३ साली त्यानं दाखवलं की तोफ नको, टप्प्याटप्प्यानं वेग वाढवणारं रॉकेट पाहिजे. चुकीचं गणितसुद्धा कामाला येतं ते असं. ज्यात आकडाच नाही अशी गोष्ट कोणी खोडून काढू शकत नाही, आणि म्हणून ती कोणाला पुढेही नेत नाही.

आणि वडिलांचा प्रश्न? व्हर्नच्या पहिल्या पुस्तकात परत येण्याची सोयच नव्हती! गोळा चंद्राभोवती फिरत राहतो आणि कादंबरी संपते. तीन माणसं वर अडकलेली. वाचकांना पुढच्या भागासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं. १८७० च्या सुमारास दुसरा भाग पूर्ण झाला तेव्हा ते तिघे पॅसिफिक महासागरात पडून सुखरूप परत आले.

कोचीनहून आलेली सफर

ही कादंबरी मराठीत फार लवकर आली, आणि ती ना पुण्यातून आली ना मुंबईतून. कोचीनहून 'केरळ कोकिळ' नावाचं मराठी मासिक निघत असे, १८८६ पासून. संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये, मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. त्यांनी १९०० च्या सुमाराला 'चंद्रलोकची सफर' या नावानं व्हर्न मराठी वाचकांसमोर ठेवला. मराठीतल्या विज्ञानकथेचा इतिहास सांगताना बहुतेक अभ्यासक इथूनच सुरुवात करतात. घरापासून शेकडो मैल दूर राहिलेल्या एका मराठी माणसानं चंद्राची सफर मराठीत आणली. 'सफर' हा शब्दही बघा. सफरीत परत येणं गृहीत आहे. न परतणाऱ्याला आपण सफरीवर गेला असं म्हणत नाही.

इथे कोणी तरी उठून म्हणेलच, आमच्या प्रत्येक व्याख्यानात म्हणतात, "सर, हे सगळं आपल्या पुराणात होतंच की." तर होतं, कबूल आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजाची कथा आहे. मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकात जातो. तिथे गंधर्वांचं गाणं चाललेलं असतं, म्हणून थोडा वेळ थांबतो. गाणं संपल्यावर विचारतो तेव्हा ब्रह्मदेव हसतो आणि सांगतो की तू मनात धरलेली सगळी स्थळं कधीच काळाच्या पोटात गेली, पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली. राजा परत येतो तो आपल्याच गावात परका होऊन. रेवतीचं लग्न मग बलरामाशी होतं.

कथा सुंदर आहे, आणि लान्जव्हँच्या प्रवाशाची आठवण करून देते. पण दोन्ही एकच आहेत का? नाहीत. ककुद्मीच्या कथेत काळ मंदावतो, कारण ते ब्रह्मलोक आहे. लान्जव्हँच्या गोष्टीत काळ मंदावतो, कारण वेग इतका आहे. वेग सांगा, फरक सांगतो. उद्या घड्याळ घेऊन तपासा. १९७१ साली खरोखरच अणुघड्याळं विमानात ठेवून जगाभोवती फिरवली आणि फरक मोजला. पुराणकथेचं मोठेपण वेगळं आहे. परतलेल्या माणसाचं परकेपण तिनं आधी ओळखलं. तिला विज्ञान म्हटलं की आपण विज्ञानावर अन्याय करतो, आणि त्या कथेवर जरा जास्तच.

'मुलांचं' कपाट

आमच्या पिढीला व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांमुळे. 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतू, पण काय शब्द आहे! भागवतांचा फास्टर फेणे सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्यांनी व्हर्न मराठीत आणला, आणि तो असा आणला की फ्रेंच पात्रं आपल्या पेठेत राहतात असं वाटावं. मोठ्यांसाठी अंतरकरांचं 'नवल' मासिक होतं, त्यात अद्भुत, भय आणि विज्ञान यांच्या सीमेवरच्या गोष्टी येत. पुढे नारायण धारपांनीही भयकथांबरोबर अंतराळाच्या कादंबऱ्या लिहिल्या.

पण वाचनालयात ही पुस्तकं कुठे असत? बालविभागात, नाहीतर रहस्यकथांच्या शेजारी. गंभीर वाङ्मयाच्या कपाटाला वेगळं कुलूप. त्या कुलपाची किल्ली काही काळ आमच्यासारख्यांच्या हातात होती, हे आज कबूल करायचं आहे. त्याआधी मात्र १९७४ ची गोष्ट.

नारायण विनायक जगताप

मराठी विज्ञान परिषद १९६६ साली मुंबईत स्थापन झाली. ती विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. कोणीच नाव ऐकलेलं नाही. नंतर उलगडा झाला की जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून हे नाव घेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी, त्या स्वतः गणितज्ञ, कथेची नक्कल करून दिली. नावाच्या वजनावर बक्षीस नको, कथा तपासा, हा त्यातला भाव. आमच्या मते हीच वैज्ञानिक वृत्ती आहे, आणि ती कथेच्या पहिल्या ओळीच्या आधीच सुरू झाली होती.

१९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं. आणीबाणीचे दिवस, अध्यक्ष दुर्गा भागवत. ते संमेलन त्यांच्या निर्भीड बोलण्यासाठी लक्षात राहिलं. पण त्याच बाईंनी नारळीकरांच्या विज्ञानकथेचं मराठीतली नवी वाट म्हणून कौतुक केलं होतं. लोककथांच्या एवढ्या मोठ्या अभ्यासकाला त्यात काही दिसलं, हे ध्यानात घ्या. जातककथा, लोककथा यांत आयुष्य घालवलेल्या बाई कथा ओळखायला चुकणार नाहीत. आणि ठिकाण कोणतं, तर कऱ्हाड, आठल्यांच्या टेंभूच्या शेजारचं.

नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल. केंब्रिजचे मोठे खगोलशास्त्रज्ञ आणि कादंबरीकारही. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ ची, पहिला स्पुटनिक उडाला त्याच वर्षाची. वायूचा एक प्रचंड ढग सूर्यमालेत येतो आणि सूर्य झाकतो. पुढे कळतं की तो ढग जिवंत आहे, बुद्धिमान आहे. त्याच्याशी बोलणं सुरू होतं, आणि ढगालाच आश्चर्य वाटतं की ग्रहासारख्या अडचणीच्या जागेत विचार करणारे जीव असू शकतात! आम्ही वर्गात 'दुसऱ्याला मन आहे हे कशावरून?' हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न शिकवत होतो. हॉइलनं तो ढगाला विचारला होता.

आमची चूक

आता ती कबुली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एक विद्यार्थिनी आमच्याकडे प्रबंधिकेचा विषय घेऊन आली. तिला नारळीकरांच्या कथा आणि ज्ञानमीमांसा यावर लिहायचं होतं. चार पानांचं टिपण करून आणलं होतं, सुवाच्य. आम्ही ते पुरतं वाचलंही नाही. म्हणालो, "बाई, काहीतरी गंभीर घ्या. कांट घ्या." तिनं कांट घेतला. व्यवस्थित लिहिलं, गुण मिळाले, पण त्यात तिचा जीव नव्हता हे आम्हालाही दिसत होतं. पुढे संशोधन तिनं सोडलं आणि शाळेत नोकरी धरली.

खूप वर्षांनी ती आम्हाला स्टेशनवर भेटली. पुण्याच्या गाडीला उशीर होता. विचारपूस झाली. मग अगदी सहज, कुठलाही राग न धरता, ती म्हणाली, "सर, तुम्ही कांट घ्यायला सांगितलंत ना, त्याच कांटनं १७५५ साली आकाशाच्या उत्पत्तीवर पुस्तक लिहिलंय. त्याचा शेवटचा भाग दुसऱ्या ग्रहांवरच्या रहिवाशांबद्दल आहे."

मित्रहो, ते पुस्तक आम्हाला नावानं ठाऊक होतं. तो भाग आम्ही उघडलेला नव्हता. ज्याच्या नावानं आम्ही तिला गप्प केलं, तो स्वतः तिच्या बाजूनं उभा होता. गाडी आली, ती गेली. आम्ही घरी येऊन तो भाग काढून वाचला. तरुण कांट तिथे शनी आणि गुरूवरच्या लोकांची बुद्धी कशी असेल याचे तर्क करतो आहे, आणि शेवटी माणसाचीच जागा शोधतो आहे. तिच्या त्या चार पानांत काय होतं, हे आज आम्हाला सांगता येत नाही. ते टिपण आम्ही जपलं नाही.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर गेले. त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा तिची आठवण आली. हे व्याख्यान एका अर्थी त्या चार पानांचं उशिराचं उत्तर आहे.

शास्त्र आणि शांत

नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा काढून बघा. दत्तदा नावाचे हौशी आकाशनिरीक्षक एक नवा धूमकेतू शोधतात. गणितातून निघतं की तो पृथ्वीवर आदळणार. जगातले शास्त्रज्ञ गुप्तपणे जमतात आणि यान पाठवून त्याला वळवायचं ठरतं. इकडे घरी दत्तदांची पत्नी संकट टळावं म्हणून यज्ञ करते. संकट टळतं. मग ती म्हणते, बघा, फळ आलं की नाही! आणि दत्तदांना खरं काय ते माहीत आहे.

आम्ही ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या बाईंवर हसलो. आता वाटतं, हसणं सोपं आहे. तिला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं, सगळं गुप्त. घाबरलेल्या माणसाला माहिती दिली नाही, तर तो हाताशी असेल ते करणार. मग ही कथा अंधश्रद्धेवर आहे तितकीच शास्त्रज्ञांच्या मौनावरही आहे असं वाचता येतं. त्याच दशकात, १९७३ साली, आर्थर क्लार्कची 'राँदेव्हू विथ रामा' आली. सुरुवातीला एक अशनी इटलीवर कोसळतो आणि मग माणसं आकाशावर पहारा बसवतात. त्या पहाऱ्याला क्लार्कनं 'स्पेसगार्ड' हे नाव दिलं. १९९२ साली अमेरिकेत अशा धोकादायक खगोलांच्या शोधाचा खरा आराखडा झाला, तेव्हा हेच नाव उचललं गेलं. आणि कादंबरीतल्या परक्या यानाचं नाव काय, तर राम! अख्खी कादंबरी माणसं त्या यानात हिंडतात, आणि ते यान माणसांची दखलही न घेता निघून जातं.

क्लार्कचा आपल्याशी आणखी जवळचा संबंध आहे. १९४५ साली त्यानं एका लेखात मांडलं की विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवले तर सगळ्या जगाशी संपर्क साधता येईल. तीस वर्षांनी, १ ऑगस्ट १९७५ ला, भारतात अशा एका उपग्रहावरून थेट खेड्यांत दूरदर्शन दाखवण्याचा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यं, सुमारे २,४०० खेडी. त्यात कर्नाटकातली जी खेडी होती, ती गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर जिल्ह्यांतली. म्हणजे या सभागृहाबाहेरचा रस्ता धरून सरळ गेलात तर जी गावं लागतात, त्यांतल्या काहींनी मुंबई-पुण्याच्या आधुनिकपणाची वाट न बघता आकाशातून आलेलं चित्र पाहिलं. कडब्याच्या गंजीशेजारी अँटेनाची छत्री. जी कल्पना कागदावर होती, ती भीमेच्या पलीकडे येऊन उभी राहिली.

राहिलेलं जुळं

शेवटी पोलंडच्या स्तानिस्वाव लेमचं नाव घेतो. 'सोलारिस', १९६१. गागारिन अंतराळात गेला तेच वर्ष. एका ग्रहावर समुद्र आहे आणि तो समुद्रच एक सजीव आहे. माणसं शंभर वर्षं त्याचा अभ्यास करतात, ग्रंथालयं भरतात, आणि काहीच कळत नाही. तो समुद्र काय करतो, तर निरीक्षकांच्या मनातली माणसं त्यांच्यापुढे उभी करतो. नायकाची मेलेली पत्नी समोर येते. एवढ्या लांब जाऊन माणसाला काय भेटलं, तर घरी अर्धवट सोडलेलं नातं.

म्हणून आम्ही म्हणालो की आजी-आजोबांनी यावं. जुळे सोलापुरातल्या गल्ल्या तुम्ही आमच्यापेक्षा चांगल्या ओळखता. कर्ज काढून बांधलेली दोन मजली घरं. वरचा मजला मुलासाठी. मुलगा पुण्याला हिंजवडीत, नाहीतर त्याहून पुढे. खाली दोन माणसं, वर कुलूप. व्हिडिओवर नातवंड दिसतं, आणि दर वेळी वाटतं, अरे, एवढं मोठं झालं? आम्हीही त्यातलेच. इथला काळ आणि तिथला काळ वेगळा चालतो, हे समजायला प्रकाशाचा वेग लागत नाही. सणाला मुलगा येतो तेव्हा ककुद्मीसारखा गावाकडे बघतो. गिरणी कुठे गेली, भोंगा का वाजत नाही, हे कुठलं दुकान.

आता काही सुचवतो. हॉइल आणि क्लार्क मोठ्यांनी वाचावेत. नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी' या संग्रहापासून सुरुवात करावी. मग 'वामन परत न आला' घ्यावी. जमिनीत पुरलेल्या पेटीतून एका नष्ट झालेल्या प्रगत संस्कृतीचं ज्ञान मिळतं, त्यातून वामन नावाचा यंत्रमानव बनतो, आणि त्याला आपल्यासारखे आणखी बनवायचे असतात. आज ती पुन्हा वाचण्यासारखी आहे. व्हर्न भागवतांच्या मराठीत नातवंडांना मोठ्यानं वाचून दाखवावा, फोनवरून का होईना. वाचताना आकडे सोडू नयेत. मूल म्हणेल, आजोबा, हे चुकीचं आहे, माणूस चपटा होईल. म्हणू दे. त्यासाठीच वाचायचं.

आणि कोणी तरुण मुलगा किंवा मुलगी चार पानांचं टिपण घेऊन आली, विषय कितीही आकाशातला असला तरी, तर ती चार पानं आधी पूर्ण वाचा. एवढं आमच्याकडून झालं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

१९६९ साली २४ जुलैला ते तिघे पॅसिफिक महासागरात उतरल्याची बातमी रेडिओवर आली. आम्ही वडिलांना सांगायला आत गेलो. ते पाळीवर जायच्या तयारीत होते, भाकरी बांधून घेत होते. म्हणाले, "आले ना? बरं झालं. त्यांच्या घरचे जागे असतील."

आता प्रश्न विचारा.